मातीचा सामू तपासता, मग कानाचे काय?



माण, आटपाडी, जत या भागात डाळिंबाची बाग लावायची ठरली, की जाणता शेतकरी आधी दोन नमुने प्रयोगशाळेत पाठवतो. एक मातीचा आणि दुसरा विहिरीच्या नाहीतर बोअरच्या पाण्याचा. तुमच्या घरी असा एखादा अहवाल असेल तर तो मागून घ्या आणि नीट वाचा. त्यात सामूचा आकडा असतो. सामू म्हणजे आम्लता मोजण्याची पट्टी. शुद्ध पाण्याचा सामू ७. आकडा ७ च्या खाली उतरला की पदार्थ आम्लधर्मी, वर चढला की आम्लारिधर्मी. पाण्याच्या अहवालात आणखी दोन नावे दिसतील, बायकार्बोनेट आणि क्लोराइड. क्लोराइड वाढले की पाणी मचूळ लागते. बायकार्बोनेट वाढले की हंड्याच्या तळाशी पांढरा थर धरतो आणि ठिबकच्या नळ्यांची बारीक तोंडे बुजतात. मग शेतकरी नळ्यांतून बेताने आम्ल सोडतो, थर विरघळतो आणि पाणी पुन्हा वाहू लागते.

सामू, बायकार्बोनेट आणि क्लोराइड ही तिन्ही नावे शेतातून निघून थेट आपल्या कानात पोचतात, असे सांगितले तर तुम्हाला नवल वाटेल. पण ते खरे आहे. कानाच्या सर्वांत आतल्या भागात या तिघांचा हिशोब रात्रंदिवस चालू असतो. तो बिघडला तर चांगले ऐकणारे मूल बहिरे होऊ शकते. या लेखात माझे म्हणणे एवढेच आहे, की मातीची तपासणी जितक्या नियमाने आपण करतो, तितक्या नियमाने मुलांच्या कानांचीही झाली पाहिजे. आणि तीही एकदाच नव्हे, पुन्हा पुन्हा. असे का म्हणायचे, हे कळण्यासाठी आधी कानात काय चालते ते पाहू या.

आम्लाची उचल

माण तालुक्यातील मोही गावची ललिता बाबर तुम्हाला ठाऊक असेलच. २०१६ साली रिओ येथील ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेस शर्यतीच्या अंतिम फेरीत ती दहावी आली. जोरात धावताना स्नायूंचे काम वाढते आणि त्यांच्यातली आम्लताही वाढते. आम्लता वाढते म्हणजे हायड्रोजनचे धनभारित आयन वाढतात. रक्तातले बायकार्बोनेट या आयनांना पकडते. त्यातून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो आणि तो वायू आपण धापा टाकत बाहेर सोडतो. खाण्याच्या सोड्यावर लिंबू पिळून पाहा. जी फसफस होते, ती याच क्रियेची. फरक एवढाच, की शरीरात ती बेताबेताने चालते आणि म्हणून रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राहतो.

म्हणजे बायकार्बोनेट हा आम्ल उचलून नेणारा हमाल झाला. जिथे पेशी काम करतात तिथे आम्ल साचते आणि जिथे आम्ल साचते तिथे हा हमाल लागतो. कानातल्या पेशी तर जन्मभर कामावर असतात. आपण झोपलो तरी कान मिटत नाहीत.

केशपेशींची दारे

आवाज कानाच्या पडद्यावर आपटतो, पडदा थरथरतो, ती थरथर तीन चिमुकल्या हाडांतून पुढे जाते आणि शंखासारख्या गुंडाळलेल्या एका नळीत शिरते. डॉक्टर तिला कॉक्लिया म्हणतात. आपण शंखनळी म्हणू. तिच्यात द्रव भरलेला असतो आणि त्या द्रवाच्या काठाशी केशपेशी रांगेने बसलेल्या असतात. प्रत्येक पेशीच्या माथ्यावर बारीक केसांसारखे तुरे असतात, म्हणून हे नाव. एका कानात आतल्या रांगेत सुमारे ३,५०० आणि बाहेरच्या रांगांत सुमारे १२,००० केशपेशी असतात. जन्मताना मिळतात त्या एवढ्याच. कातडी सोलवटली तर नवी येते, पण माणसाची केशपेशी मेली तर तिच्या जागी दुसरी उगवत नाही.

केशपेशीच्या माथ्यावरचा द्रव मोठा विलक्षण आहे. आपल्या अंगातल्या बहुतेक द्रवांत सोडियम जास्त आणि पोटॅशियम कमी असते. इथे नेमके उलट असते. लाटेने तुरा वाकला, की त्यावरची सूक्ष्म छिद्रे उघडतात, पोटॅशियम आत शिरते, पेशीतला विद्युत्भार बदलतो आणि त्याचा संदेश मज्जातंतूकडे जातो. तोच संदेश पुढे मेंदूत पोचला की आपण म्हणतो, ‘ऐकू आले.’

आता आम्लाकडे येऊ. पेशीच्या पटलात प्रथिनांची बनलेली लहान लहान दारे असतात. त्यांतल्या एका दाराचा नियम आठवडी बाजारातल्या अदलाबदलीसारखा आहे. एक क्लोराइड आत घ्यायचा असेल तर एक बायकार्बोनेट बाहेर द्यायचा. दोन्ही आयनांवर एकेक ऋणभार असतो, त्यामुळे देवाणघेवाण होऊनही विद्युत्भाराचा हिशोब जिथल्या तिथे राहतो. पण आम्लतेचा हिशोब मात्र बदलतो. बायकार्बोनेट बाहेर गेले की आम्ल उचलणारा हमाल कमी होतो आणि पेशी आम्लतेकडे झुकते. उलट, क्लोराइड बाहेर जाऊन बायकार्बोनेट आत आले तर पेशी आम्लारीकडे झुकते. याशिवाय दुसरे एक दार आहे. ते सोडियम आत घेते आणि हायड्रोजनचे आयन सरळ बाहेर टाकते. या दोन दारांच्या जोरावर केशपेशी आपला सामू सांभाळते.

हे नुसते तर्काने ठरवलेले नाही. १९९२ साली जपानी शास्त्रज्ञांनी गिनी पिग या प्राण्याच्या कानातून बाहेरच्या रांगेतल्या केशपेशी वेगळ्या काढल्या आणि सामूप्रमाणे चमक बदलणारा रंग त्यांत भरला. मग भोवतीच्या द्रवातून क्लोराइड काढून टाकले. आतले क्लोराइड बाहेर पडू लागले, बदल्यात बायकार्बोनेट आत आले आणि रंगाच्या चमकेवरून दिसले, की पेशी आम्लारीकडे सरकली. दाराची चाल अशी डोळ्यांनी पाहता आली.

क्लोराइडचे आणखी एक काम आहे. बाहेरच्या रांगेतल्या केशपेशी आवाजाच्या तालावर सेकंदाला हजारो वेळा आखडतात आणि लांबतात. त्यामुळे बारीक आवाज मोठा होऊन आतल्या रांगेपर्यंत पोचतो. ही हालचाल घडवणारे प्रथिन अमेरिकेतील शास्त्रज्ञांना २००० साली सापडले. त्याचे नाव प्रेस्टिन. पेशीतले क्लोराइड काढून घेतले तर प्रेस्टिन थंडावते. क्लोराइडच्या जागी बायकार्बोनेट दिले तर पुन्हा हलू लागते. म्हणजे हेच दोन आयन इथे कानाचे इंजिनही चालवतात.

एक दार बिघडले तर

१८९६ साली इंग्लंडमधील डरहॅम येथे व्हॉन पेंड्रेड या डॉक्टरने एका कुटुंबातल्या दोन बहिणींची हकिगत लिहिली. दोघी बहिऱ्या होत्या आणि दोघींना गलगंड होता. कान आणि गळा यांचा काय संबंध, हे कोडे सुटायला शंभर वर्षे लागली. १९९७ साली सातव्या गुणसूत्रावरचे एक जनुक सापडले. त्या जनुकावरून जे प्रथिन तयार होते त्याला पेंड्रेड यांच्या आठवणीने पेंड्रिन म्हणतात. पेंड्रिन हेही एक दारच आहे. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत ते आयोडाइड पुढे ढकलते. कानात मात्र ते क्लोराइड घेते आणि बायकार्बोनेट देते.

कानातले पेंड्रिन केशपेशींत नसते, त्यांच्या शेजारच्या पेशींत असते. केशपेशींच्या माथ्यावरच्या द्रवात बायकार्बोनेट सोडण्याचे काम या शेजाऱ्यांचे. ते दार बिघडले तर द्रव आम्ल बनतो. द्रव आम्ल झाला की त्यातले कॅल्शियम काढून घेणारी दुसरी दारे मंदावतात आणि कॅल्शियम वाढते. पेंड्रिन नसलेल्या उंदरांच्या कानांत शास्त्रज्ञांनी हे मोजून पाहिले आहे. त्या उंदरांच्या कानांतल्या पोकळ्या फुगतात आणि केशपेशी खराब होतात. विचार करा, केशपेशींचा स्वतःचा काहीच दोष नाही. शेजाऱ्याने घाण पाणी सोडले आणि बाग जळाली, तशातला हा प्रकार.

वारशाने येणाऱ्या बहिरेपणाची कारणे अनेक आहेत. आपल्या देशात कनेक्सिन-२६ नावाच्या प्रथिनाचे जनुक त्यात पुष्कळदा सापडते. जगभराचा विचार केला तर त्याच्या खालोखाल पेंड्रिनच्या जनुकाचे नाव घेतले जाते. पण पेंड्रिनच्या दोषाची एक खोड वेगळी आहे आणि माझे सगळे म्हणणे तिच्यावर उभे आहे. असे मूल जन्मताना बहिरे असेलच असे नाही. कित्येकदा ते सुरुवातीला बरे ऐकते, दोन-चार शब्द बोलते, आणि मग कधी डोक्याला लहानसा मार बसल्यावर, कधी ताप येऊन गेल्यावर, तर कधी काही निमित्त नसतानाही त्याचे ऐकणे एकेक पायरी खाली उतरते. मध्येच थोडे सुधारते आणि पुन्हा घसरते. घरच्यांना वाटते, पोर हट्टी झाले आहे, मुद्दाम लक्ष देत नाही.

‘बोलेल हळूहळू’

आपल्याकडे मूल बोलत नसले की घरातली मोठी माणसे म्हणतात, “थांबा की, ह्याचा बापही चार वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता. बोलेल हळूहळू.” या वाक्यात माया आहे, पण ते महागात पडते. भाषा शिकण्याचा सर्वांत मोलाचा काळ म्हणजे पहिली काही वर्षे. या काळात मेंदूला शब्द मिळाले नाहीत तर ती तूट पुढे भरून काढणे फार कठीण जाते. म्हणूनच बाळाचा कान पहिल्या महिन्यात तपासावा, दोष असल्यास तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्का करावा आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपाय सुरू करावा, असा तज्ज्ञांचा दंडक आहे. ‘बोलेल हळूहळू’ म्हणत आपण चार वर्षे घालवतो.

दुसरा समज असा, की टाळी वाजवली आणि मुलाने मान वळवली, म्हणजे कान ठीक. जत्रेत गजी ढोल वाजू लागला की बहिरे मूलही वळून पाहते, नाचते. ढोलाची थाप त्याला छातीत आणि पायांखाली जाणवते. टाळी वाजवणाऱ्याचा हात किंवा सावली त्याला दिसते. शिवाय ज्याला थोडे कमी ऐकू येते त्याला ढोल ऐकू येईल, पण ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखे बारीक आवाज निसटतील. अशा मुलाला ‘सात’ आणि ‘हात’ यांत फरक कळणार नाही, आणि शाळेत ते ढ ठरेल.

तिसरा समज सर्वांत वाईट. मूल बहिरे निघाले की दोष आईच्या माथी मारतात. ग्रहणात तिने काही चिरले असेल, कुणाचा शाप असेल, मागल्या जन्मीचे पाप असेल! वर तुम्ही जे वाचले त्यात पाप कुठे आले? दोन आयनांची अदलाबदल करणारे एक दार नीट घडले नाही, इतकेच. आणि पेंड्रिनच्या बाबतीत तर सदोष जनुक आई आणि बाप दोघांकडून आल्याशिवाय बहिरेपण येतच नाही. एकेक सदोष जनुक असलेले आईबाप स्वतः ठणठणीत ऐकतात. त्यांच्या प्रत्येक अपत्याला दोन्ही सदोष जनुके मिळण्याची शक्यता चारांत एक असते. एकट्या आईला बोल लावणे अन्यायाचे तर आहेच, अशास्त्रीयही आहे.

इथे नात्यातल्या लग्नांचाही विषय निघतो. मामाच्या मुलीशी लग्न लावण्याची रीत आपल्या भागात जुनी आहे. आते-मामे भावंडांचे आजी-आजोबा एकच असल्याने त्यांची सुमारे एक-अष्टमांश जनुके सारखी असतात. साहजिकच एकच सदोष जनुक दोघांकडे असण्याचा संभव वाढतो. खिलार जनावरांसाठी नावाजलेला हा मुलूख आहे. वळू निवडताना त्याची आई कोण, बाप कोण, हे विचारणारा माणूस पोरांच्या सोयरिकीत मात्र तोच प्रश्न मनावर घेत नाही! अशी लग्ने झालेल्या घरांना नावे ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्यांची बहुसंख्य मुले निरोगीच असतात. पण पुढची सोयरीक ठरवताना हे गणित घरात सर्वांना ठाऊक असावे.

तपासणी कुणी, केव्हा?

नवजात बाळाच्या कानाची तपासणी अवघड नाही. १९७८ साली लंडनमध्ये डेव्हिड केम्प यांनी दाखवून दिले, की निरोगी कान आवाज नुसता घेत नाही, बारीकसा आवाज परतही करतो. तो आवाज येतो बाहेरच्या रांगेतल्या, मघाशी पाहिलेल्या त्या आखडणाऱ्या केशपेशींकडून. झोपलेल्या बाळाच्या कानात बोटभर नळी ठेवून काही मिनिटांत हा परतीचा आवाज टिपता येतो. सुई नाही, दुखणे नाही. आवाज परत आला नाही तर पुढच्या तपासण्या करायच्या.

पण ही तपासणी जन्मताना एकदा केली आणि कागद गुंडाळून ठेवला, तर पेंड्रिनसारख्या दोषाची मुले निसटतील, कारण त्यांचे ऐकणे नंतर घसरते. मातीचा सामूही आपण एकदाच तपासून गप्प बसत नाही. पाणी बदलते, खते बदलतात, म्हणून पुन्हा तपासतो. तसेच शाळेत नाव घालताना, आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी, प्रत्येक मुलाचे ऐकणे यंत्राने मोजले गेले पाहिजे.

यावर कुणी म्हणेल, माणदेशात आधी प्यायला पाणी द्या, मग कानांचे पाहू. पाण्याची निकड कोण नाकारेल? पण एकासाठी दुसरे अडवून धरण्याचे कारण नाही. यंत्र लहान असते, ते एका शाळेतून दुसऱ्या शाळेत नेता येते. व्यवस्थाही अगदीच नाही असे नाही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा यावीत असे ठरलेले आहे, आणि त्यांच्या यादीत जन्मजात बहिरेपणा आहे. अडचण अशी, की पथक येते त्या दिवशी मेंढरांमागे गेलेली आणि ऊसतोडीला गेलेली मुले गावात नसतात. ज्यांना तपासणीची गरज असते तीच राहून जातात. म्हणून ही मुले ज्या काळात गावात असतात तो काळ पाहून तारीख ठरवली पाहिजे. हे काम पैशाचे नाही, लक्ष घालण्याचे आहे.

“कळून तरी उपयोग काय?” असेही विचारतात. उपयोग पुष्कळ आहे. कमी ऐकणाऱ्याला श्रवणयंत्र मिळते. केशपेशी निकामी झाल्या तरी मज्जातंतू चांगला असेल तर शंखनळीत विजेच्या तारा बसवून संदेश थेट मज्जातंतूला देता येतो. खुणांची भाषा ही तर पूर्ण भाषा आहे. ती लहानपणी मिळाली तर मुलाचा मेंदू उपाशी राहत नाही. मुंबईत वांद्रे येथे १९८३ सालापासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी उभी आहे. जवळ पाहायचे तर साताऱ्याचे जिल्हा रुग्णालय किंवा मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आणि दोष पेंड्रिनचा निघाला तर आणखी एक गोष्ट साधते. अशा मुलाच्या डोक्याला मार बसू द्यायचा नाही, हे घरी आणि शाळेत आधीच कळते. कुस्तीच्या आखाड्याऐवजी त्याला मोहीच्या वाटेने धावायला पाठवता येईल!

मित्रांनो, मोठी माणसे हे सर्व करतील तेव्हा करतील, पण तीन गोष्टी तुम्हीही करू शकता. वर्गात कुणी सारखे ‘आं?’ म्हणत असेल, बोलणाऱ्याच्या ओठांकडे टक लावून पाहत असेल, एकच कान पुढे करत असेल, तर त्याला ‘बहिऱ्या’ म्हणून हसू नका. त्याला पुढच्या बाकावर बसवा आणि गुरुजींना सांगा. घरातले धाकटे भावंड दीड वर्षाचे होऊनही एखादा शब्द बोलत नसेल, किंवा आधी बोलत होते आणि आता थांबले असेल, तर ‘थांबा की’ म्हणणाऱ्यांना थांबू देऊ नका. कानाच्या डॉक्टरांकडे जायचा आग्रह धरा. आणि तपासणीचे पथक शाळेत येईल तेव्हा तुमच्या वस्तीवरचे कुणी राहिले का, ते मोजा. वीस मुले असतील आणि अठराच तपासली गेली असतील, तर उरलेल्या दोघांची नावे वहीत लिहून गुरुजींच्या हाती द्या.